पालथ्या दिवसांतली छाटणी

श्यामसुंदर देवस्थळींच्या उजव्या डोळ्यापुढे काळा पडदा उतरायला लागला, तेव्हा ते गच्चीवर गुलाबांना पाणी घालत होते. दसरा होऊन दोन दिवस झाले होते. त्याआधीही त्यांना डोळ्यांपुढे काजवे चमकल्यासारखं व्हायचं, बारीक माश्या उडाल्यासारखे ठिपके दिसायचे, पण घरात त्यांनी काही सांगितलं नव्हतं. त्या सकाळी मात्र समोरच्या झाडाचा वरचा अर्धा भाग दिसेनासाच झाला. त्यांनी नळ बंद केला, पाइप नीट गुंडाळून ठेवला आणि भिंतीला हात लावत लावत ते जिना उतरून घरात आले.

आनंदीताई पोहे परतत होत्या.

"आनंदी, आपल्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे जावं लागेल असं दिसतंय. म्हणजे, दिसत नाहीये," ते म्हणाले.

आनंदीताईंनी गॅस बंद केला. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात नवऱ्याने आपणहून डॉक्टरचं नाव काढलं होतं ते हे पहिल्यांदा. त्यांनी एकही प्रश्न न विचारता पर्स उचलली आणि रिक्षा बोलावली.

डोळ्याच्या आतला पडदा सुटला होता. दुसऱ्याच दिवशी ऑपरेशन झालं. डॉक्टर तरुण होत्या, पण बोलायला एकदम सरळ. पडदा जागेवर बसवला आहे, तो दाबून धरायला आत वायूचा बुडबुडा सोडला आहे, आणि बुडबुडा नेहमी वर जातो, तेव्हा डोळ्याची मागची बाजू वर यायला हवी, असं त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं.

"म्हणजे काय करायचं?"

"दहा दिवस पालथं झोपायचं. बसलात तरी मान खाली. जेवतानासुद्धा. नंतरही महिना-दीड महिना वाकायचं नाही, जड उचलायचं नाही."

"हा उपचार आहे की शिक्षा?"

"डोळा हवा असेल तर उपचार," डॉक्टर म्हणाल्या. मग त्यांनी डावा डोळा तपासला. "काका, या डोळ्यात मोतीबिंदू चांगलाच पिकलाय. दोन्ही डोळ्यांचा विचार केला तर दीड-दोन वर्षं तुम्हाला धड दिसत नसणार. आला का नाहीत आधी?"

"मला सगळं व्यवस्थित दिसत होतं," श्यामसुंदरराव म्हणाले.

आनंदीताई भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिल्या.

घरी आल्यावर पलंगाच्या कडेशी दोन उशा एकमेकींपासून वीतभर अंतरावर ठेवल्या गेल्या. मधल्या फटीत चेहरा घालून पालथं पडायचं आणि खालच्या फरशीकडे बघायचं. म्हणजे डाव्या डोळ्याने जेवढं दिसेल तेवढं बघायचं. त्या फरशीवर एक चीर होती. पहिल्या दिवशी त्यांनी मनातल्या मनात तिची लांबी मोजली. दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजली. मग मात्र त्यांना गुलाबांशिवाय दुसरं काही सुचेना.

पाटबंधारे खात्यात आरेखक म्हणून त्यांची हयात गेली होती. खडकवासल्याच्या कालव्यांचे नकाशे काढता काढता हाताला जी शिस्त लागली, तीच त्यांनी विश्रांतवाडीतल्या या तीन मजली इमारतीच्या गच्चीवर नेली. एकोणतीस वर्षांत कुंड्यांची संख्या बेचाळीसवर गेली होती. प्रत्येक कुंडीवर पांढऱ्या रंगाने नंबर घातलेला. कुठल्या झाडाला शेणखत कधी घातलं, निंबोळी पेंड कधी, मावा कधी पडला, भुरी कधी आली, सगळं एका जाड वहीत, कोरीव अक्षरात आणि जिथे लागेल तिथे चित्रासह. वर्षभराची सगळी मेहनत एका गोष्टीवर टांगलेली असे, ती म्हणजे पाऊस संपल्यावरची छाटणी. ती ऑक्टोबरच्या मध्यावर झाली, तर डिसेंबरच्या सुरुवातीला गच्ची फुलांनी भरते. राहिली, तर झाडं उंच, लेचीपेची वाढतात, मेलेल्या फांद्यांतून रोग खाली उतरतो, आणि पुढचं वर्षभर निस्तरत बसावं लागतं.

"माळी बघू का?" आनंदीताईंनी विचारलं.

"माळी म्हणजे गवत कापायला आल्यासारखा येतो. नको."

"मग मी करते."

"तुला काय येणार?"

आनंदीताईंची पावलं फरशीवरून स्वयंपाकघराकडे गेली. हल्ली त्यांना बायकोची फक्त पावलं दिसत.

चौथ्या दिवशी दुपारी दारावरची घंटा वाजली आणि पायांची आणखी एक जोडी खोलीत आली. चपला बाहेर काढून आलेली, टाचा भेगाळलेली पावलं. पण ती फार वेळ पावलं राहिली नाहीत. आलेली बाई सरळ खाली फरशीवर बसली, हातावर रेलली, आणि उशांच्या फटीखाली तिचा चेहरा आला. दुसऱ्या मजल्यावरच्या खातून तांबोळी होत्या त्या.

"कसं वाटतंय, भाऊ?"

"अहो, खाली कशाला बसलात? आनंदी, खुर्ची दे त्यांना."

"खुर्चीवर बसून तुमच्या पाठीशी बोलू? माणसाशी बोलायचं तर तोंड दिसायला हवं," खातूनबाई म्हणाल्या. "दलियाची खीर आणलीय. स्ट्रॉने पिता येईल अशी पातळ केलीय."

चार दिवसांत भेटायला दहा-बारा माणसं येऊन गेली होती, पण खाली बसायचं कुणाला सुचलं नव्हतं. श्यामसुंदररावांना एकदम अवघडल्यासारखं झालं. खातूनबाईंशी त्यांचं नातं तसं गच्चीवरच्या दोरीपुरतंच. त्यांचे कपडे आणि यांची फवारणी यावरून दोन-तीनदा खटके उडाले होते. आणि एकदा, तीन वर्षांपूर्वी, त्यांनी नातीच्या वाढदिवसाला एक फूल मागितलं होतं. "फुलं बाजारात मिळतात," असं उत्तर श्यामसुंदररावांनी दिलं होतं. तेव्हा त्यांना स्वतःचं ते उत्तर खटकेबाज वाटलं होतं.

बोलता बोलता छाटणीचा विषय निघाला. म्हणजे त्यांनीच काढला, त्यांना दुसरा विषय नव्हताच.

"मी करते की," खातूनबाई म्हणाल्या. "तुम्ही इथून सांगा, मी वर कापते. तीस वर्षं शिवणाचा क्लास चालवलाय. हातात कात्री स्थिर राहते माझी."

"खातूनबाई, कापड वेगळं आणि झाड वेगळं."

"वेगळं आहेच. कापड चुकीचं कापलं तर परत वाढत नाही. झाड निदान वाढतं."

कोपऱ्यात उभ्या असलेल्या आनंदीताई हसल्या. श्यामसुंदररावांनी उशांच्या फटीतूनच छाटणीची कात्री कुठे ठेवलीय ते सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काम सुरू झालं. श्यामसुंदररावांचा फोन स्पीकर लावून पलंगाखाली फरशीवर ठेवला होता. गच्चीवर आनंदीताईंचा फोन एका उलट्या कुंडीवर. खातूनबाईंच्या हातात छाटणीची कात्री, म्हणजे सिकेटर, आणि आनंदीताईंच्या हातात कापलेल्या टोकांना लावायची बुरशीनाशक बोर्डो पेस्ट आणि जुना ब्रश.

"एक नंबर," श्यामसुंदरराव म्हणाले. "आधी मेलेल्या फांद्या काढा. काळ्या किंवा तपकिरी दिसतील. मग आत वळलेल्या, एकमेकींना घासणाऱ्या. झाड मधून मोकळं दिसायला हवं, वाटीसारखं. वारा आत खेळला तर रोग टिकत नाही."

"काढल्या. पुढे?"

"आता ज्या तीन-चार जोमदार फांद्या उरल्या, त्या निम्म्या करायच्या. पण कुठेही नाही. पान जिथून फुटतं तिथे बारीक उंचवटा असतो, त्याला डोळा म्हणतात. बाहेरच्या बाजूला तोंड असलेला डोळा शोधा. त्याच्यावर पाव इंच सोडा आणि तिरका काप घ्या."

"उरेब."

"काय?"

"तिरका म्हणजे उरेब. आम्ही कापडात घेतो तसा. उतार डोळ्याच्या पाठीमागे ना? पाणी डोळ्यावर येऊ नये म्हणून?"

हे श्यामसुंदररावांनी सांगितलं नव्हतं. "हो," ते म्हणाले. "बरोबर."

पहिल्या दिवशी सात कुंड्या झाल्या, दुसऱ्या दिवशी नऊ. खातूनबाई प्रत्येक झाडाचं वर्णन करत: किती फांद्या, कुठली जाड, कुठली पोकळ वाटते, साल कुठे भेगाळली आहे. बरंचसं त्या बोटांनी चाचपून सांगत. एवढ्या वर्षांत श्यामसुंदररावांनी आपल्या झाडांचं इतकं बारीक वर्णन कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. डोळे फरशीवर आणि कान गच्चीवर, अशा त्या दोन-अडीच तासांची ते पहाटेपासून वाट बघू लागले. मानेचं दुखणं तेवढ्यापुरतं विसरायला व्हायचं.

तिसऱ्या दिवशी सतरा नंबरची कुंडी आली.

सतरा नंबरचं झाड त्यांचं सगळ्यात लाडकं. आळंदी रस्त्यावरचा एक जुना बंगला पाडायचा ठरला, तेव्हा त्याच्या फाटकाजवळच्या गुलाबाची एक फांदी ते मागून घेऊन आले होते. तिचे डोळे काढून त्यांनी रानटी गुलाबाच्या खुंटावर स्वतः भरून कलम केलं होतं. जात कुठली ते शेवटपर्यंत कळलं नाही. गडद लाल फूल, आणि वास असा की गच्चीचं दार उघडलं की आधी तोच यायचा.

"या झाडाला सांभाळून हात लावा," ते म्हणाले. "काटे फार वाईट आहेत त्याचे."

पलीकडून पानं सळसळल्याचा आवाज आला.

"भाऊ, याला काटेच नाहीत."

"तुम्ही दुसऱ्या कुंडीपाशी असाल. सतरा बघा. एकावर सात."

"सतराच आहे. मी खालपासून वरपर्यंत हात फिरवला. पाच लांबलचक फांद्या आहेत, अगदी गुळगुळीत. पानंही बाकीच्यांसारखी नाहीत, बारीक आहेत."

"खातूनबाई, खाली माती जरा बाजूला करा. बुंध्याशी एक गाठ लागेल, जोड. या फांद्या जोडाच्या वरून निघाल्यात की खालून?"

माती उकरल्याचा आवाज आला. "खालून. पाचही."

म्हणजे खुंटच वाढला होता. जोडाखालून रानटी फुटवे येतात, ते दिसताक्षणी मुळापासून उपटून टाकायचे असतात, हे ते गेली एकोणतीस वर्षं भेटेल त्याला सांगत आले होते. आणि त्यांच्याच लाडक्या कुंडीत त्या फुटव्यांनी मूळ झाड गिळून टाकलं होतं. ते रोज सकाळी तिथे उभे राहून पाणी घालत होते, आणि त्यांना दिसलं नव्हतं. यंदा त्याला फूल का आलं नाही म्हणून त्यांनी दोनदा जास्तीचं खतही घातलं होतं.

"मूळच्या झाडाचं काही शिल्लक आहे का?" त्यांनी विचारलं.

"थांबा." मातीत पुन्हा बोटं फिरल्याचा आवाज आला. "आहे. जोडाच्या वर एक काडी आहे, पेन्सिलीपेक्षा बारीक. काटे आहेत तिला, आत्ताच टोचले मला. नखाने जरा खरवडून बघितलं, आत हिरवी आहे."

"तिला हात लावू नका. रानटी फांद्यांतल्या चार मुळापासून काढा. एक सरळशी ठेवा, तिचा शेंडा फक्त खुडा. पुढे उपयोग आहे तिचा. मी... मी जरा वेळाने बोलतो."

त्यांनी डोळे मिटून घेतले. फोन बंद करायला हात खाली पोचत नव्हता. वरच्या दोघींना वाटलं असावं की त्यांनी तो बंद केला. थोड्या वेळाने पलंगाखालून खातूनबाईंचा आवाज आला, जरा दबका.

"वहिनी, भाऊंना अजून सांगितलं नाहीत?"

"काय सांगू?"

"हेच, की दीड वर्ष रोज पहाटे तुम्ही वर येऊन रोगट पानं काढता म्हणून. मी कपडे वाळत घालायला येते तेव्हा तुमची पिशवी भरलेली असते. पावसाळ्यात तर दोन-दोन पिशव्या."

"नको हो. त्यांना दिसत नाही हे त्यांना कळलं असतं."

"पण आज या सतरा नंबरचं..."

"ते मला ओळखता आलं नाही. काळे ठिपके ओळखता येतात, कोळी कीड लागलेलं पान ओळखता येतं. फुटव्याचं पान माझ्या ध्यानात आलं नाही. त्यांचं सगळ्यात आवडतं झाड होतं, आणि नेमकं तेच माझ्या हातून..."

"रडू नका, वहिनी. ब्रश इकडे द्या."

श्यामसुंदरराव पालथे पडून राहिले. पहिल्यांदा त्यांना राग आला. आपल्या मागे, आपल्याच गच्चीवर, आपल्याच झाडांवर! तो राग पाच-दहा मिनिटं टिकला असेल. मग गेल्या डिसेंबरातली एक सकाळ त्यांना आठवली. गुलाबप्रेमींचा एक गट बाग बघायला आला होता. एकाही पानावर डाग नाही म्हणून सगळे थक्क झाले होते, आणि श्यामसुंदररावांनी त्यांना नियमितपणा या विषयावर अर्धा तास ऐकवलं होतं. आनंदीताई चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. साखर कुणाला कमी हवी, एवढंच त्या बोलल्या होत्या.

उशांच्या फटीतून एक थेंब फरशीवर पडला. डॉक्टरांनी डोळ्यात पाणी जाऊ देऊ नका असं सांगितलं होतं. डोळ्यातून आलेल्या पाण्याचं काय करायचं ते सांगितलं नव्हतं.

दुपारी आनंदीताई जेवणाचं ताट घेऊन आल्या. त्यांची पावलं पलंगाशी थांबली.

"आनंदी, खाली बस ना जरा."

"गुडघे दुखतात माझे."

"चटई घे. पण बस."

त्या बसल्या. भिंतीला टेकून, पाय लांब करून, मग हळूहळू सरकत त्यांनी मान उशांखाली आणली. आठवडाभराने त्यांना बायकोचा चेहरा दिसला, उलटा आणि धुरकट. डोळे सुजलेले होते.

"फोन चालू राहिला होता," ते म्हणाले.

"अरे देवा."

"मला सांगितलं का नाहीस?"

"पानांवर ठिपके पडलेत असं सांगितलं होतं. दोनदा. पहिल्यांदा म्हणालात, तुझा चष्मा तपासून घे. दुसऱ्यांदा दोन दिवस बोलला नाहीत माझ्याशी."

हे त्यांना आठवलं. आठवू नये असं वाटत असताना स्वच्छ आठवलं.

"आणि तुला कसं कळायचं, कुठली पानं काढायची ते?"

"तुमच्या वहीत आहे की सगळं. काळ्या ठिपक्यांची पानं झाडावर ठेवू नयेत, खाली पडलेली कुंडीत राहू देऊ नयेत, कचऱ्यात टाकावीत, खतात नाही. पान नऊ. चित्र छान काढलंय तुम्ही."

"रोज पहाटे?"

"तुम्ही साडेसहाला जाता. मी पाऊण तास आधी जायचे. दूध आणायला म्हणून निघायचे."

"तुला गुलाबांचं एवढं काय पडलंय? तुला तर मोगरा आवडतो."

"गुलाबांचं काही नाही हो. झाडावर रोग दिसला की तुम्ही दिवसभर घरात तोंड पाडून बसता. ते तोंड मला बघावं लागतं. आणि तुम्ही खाली येऊन सांगायचात ना, आज बाग कशी दिसतेय ते. तुमच्या तोंडून ते ऐकायला मला बरं वाटायचं. ती तशी का दिसतेय, ते मला माहीत असायचं ना."

श्यामसुंदररावांनी उशीखालून हात काढला आणि चाचपडत तो खाली सोडला. आनंदीताईंनी तो धरला. आभार मानायचे तर शब्द कुठला वापरायचा, तेच त्यांना कळेना. ऑफिसच्या पत्रात ते 'आभारी आहे' असं लिहीत आले होते, पण बायकोला ते कसं म्हणायचं?

"आनंदी, बाग तू राखलीस," शेवटी ते म्हणाले. "मी नुसता पाणी घालत होतो."

"सतरा नंबर गेलं माझ्या हातून."

"ते माझ्या हातून गेलं. आणि गेलं नाहीये अजून. एक काडी आहे."

ताटातली आमटी निवून गेली, ती त्यांनी तशीच स्ट्रॉने प्यायली.

छाटणी पाच दिवसांत पूर्ण झाली. बेचाळीस कुंड्यांची काडीकचऱ्यासकट सफाई, प्रत्येक कुंडीत दोन ओंजळी शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड, मग वरून पाणी. शेवटचे दोन दिवस श्यामसुंदरराव सूचना कमी देत होते आणि विचारत जास्त होते. "तुम्हाला काय वाटतं, खातूनबाई, ही फांदी ठेवावी का?" असं त्यांनी विचारलं तेव्हा पलीकडे दोघी एकमेकींकडे बघत असाव्यात.

दहा दिवस संपले आणि डॉक्टरांनी मान वर करायची परवानगी दिली. त्या संध्याकाळी श्यामसुंदरराव आनंदीताईंचा हात धरून एक मजला उतरले आणि त्यांनी खातूनबाईंची घंटा वाजवली. दारात त्यांची नात मिसबा आली. कॉलेजात जाणारी मुलगी, कानातून इअरफोन काढत म्हणाली, "नानी, वरचे अंकल आलेत. स्वतः!"

आत जाऊन बसल्यावर त्यांनी फार प्रस्तावना केली नाही.

"खातूनबाई, तीन वर्षांपूर्वी तुम्ही या पोरीसाठी एक फूल मागितलं होतंत, आणि मी नको ते बोललो होतो."

"आठवतंय तुम्हाला?"

"चांगलं आठवतंय."

"बरं झालं," खातूनबाई म्हणाल्या. "मला वाटलं मला एकटीलाच आठवतंय."

मिसबा जोरात हसली. श्यामसुंदररावही हसले, आणि हसताना मान मागे टाकता येते याचंच त्यांना अप्रूप वाटलं. "माफ करा," ते म्हणाले. "आणि तुम्ही जे केलंत त्याचे आभार कसे मानायचे ते मला येत नाही. शिकेन."

"चहा घ्या आधी."

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात गच्चीवर पहिली फुलं उमलली. उजव्या डोळ्यातला बुडबुडा तोवर विरून गेला होता. त्या डोळ्याला अजून सगळं पाण्यातून बघितल्यासारखं दिसे, पण रंग दिसत होते. श्यामसुंदरराव वर आले, तेव्हा त्यांनी आधी फुलांकडे बघितलंच नाही. ते बुंध्यांशी गेले, छाटलेल्या टोकांवरून त्यांनी बोट फिरवलं. प्रत्येक काप तिरका, स्वच्छ, डोळ्यापासून पाव इंचावर. त्यांच्या स्वतःच्या हाताने गेल्या दोन वर्षांत घेतलेले जुन्या फांद्यांवरचे काप शेजारीच होते. ते चिरडलेले आणि वेडेवाकडे होते. त्यांनी दोन्हींवरून बोट फिरवून बघितलं.

पहिली अठरा फुलं त्यांनी स्वतः कापली. नऊ दुसऱ्या मजल्यावर गेली, नऊ स्वयंपाकघरात आनंदीताईंच्या ओट्याशी तांब्यात ठेवली गेली. आजवर झाडावरचं फूल तोडायचं नाही, असा त्यांच्या घरी नियम होता.

महिनाअखेरीस सतरा नंबरची वेळ आली. जोडावरच्या त्या बारीक काडीने मोकळी हवा आणि ऊन मिळाल्यावर चांगलं अंग धरलं होतं. तिच्यावर तीन टपोरे डोळे दिसत होते. शेजारी त्यांनी मुद्दाम राखलेली रानटी फांदी होती. काडी एकटी झाड पेलायला तरी नाजूकच होती, म्हणून तिचे डोळे या जोमदार फांदीवर भरायचे होते. ज्या खुंटाने झाड गिळलं होतं, त्याच्याच अंगावर ते पुन्हा वाढवायचं.

"तुम्ही भरा," खातूनबाई म्हणाल्या. "हे तुमचं काम."

श्यामसुंदररावांनी धारदार चाकू हातात घेतला, फांदीजवळ नेला आणि परत खाली ठेवला. टोक दोन-दोन दिसत होतं. "नाही जमायचं. एक साल फाटली तर डोळा फुकट जाईल. तुम्ही करा. मी सांगतो."

मग त्यांनी सांगितलं आणि खातूनबाईंनी केलं. रानटी फांदीच्या सालीला इंग्रजी टी अक्षरासारखा काप, साल दोन्ही बाजूंनी अलगद उचलायची, खिसा उघडल्यासारखी. काडीवरचा डोळा त्याच्याभोवतीच्या सालीच्या ढलपीसकट काढायचा आणि त्या खिशात वरून खाली सरकवायचा. आनंदीताईंनी प्लास्टिकची पट्टी गुंडाळली, डोळा तेवढा उघडा ठेवून. असे तीन डोळे भरले. खातूनबाईंनी श्वास सोडला. "ब्लाउजला बाही लावण्यापेक्षा सोपं आहे," त्या म्हणाल्या, पण त्यांच्या कपाळावर घाम होता.

पहिला डोळा आठवड्यातच काळा पडला. दुसरा सुकून गळाला. जानेवारीत श्यामसुंदररावांच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. तारीख आनंदीताईंनी ठरवली, त्यांनी नुसतं "बरं" म्हटलं. पट्टी निघाल्यावर घरातल्या भिंतींचा रंग पिवळा नसून पांढरा आहे, हे त्यांना कळलं. चार-पाच दिवसांनी डॉक्टरांनी जिना चढायला हरकत नाही म्हटल्यावर ते आनंदीताईंबरोबर सकाळच्या कोवळ्या उन्हात गच्चीवर गेले. हल्ली पानं काढायला दोघं एकत्र जात, आणि कुठलं पान काढायचं ते त्या सांगत.

तिसऱ्या डोळ्यातून कोंब फुटला होता. नखाएवढा, तांबूस, टोकाशी चकचकीत. श्यामसुंदररावांनी वाकून बघितलं, मग डॉक्टरांची आठवण होऊन घाईने सरळ झाले. कोंबाच्या बुडाशी इवलासा काटा होता, मऊ, अजून न टोचणारा. तो त्यांना स्वतःच्या डोळ्याने दिसला.

आनंदीताईंनी जिन्यात डोकावून हाक मारली, आणि कपड्यांची बादली घेऊन वर येत असलेल्या खातूनबाई लगबगीने आल्या. तिघं त्या कुंडीभोवती उभे राहिले. खातूनबाईंनी बोट पुढे केलं, पण कोंबाला लावलं नाही.

"धरला बाई एक," त्या हळूच म्हणाल्या.

या वेळी श्यामसुंदररावांनी शब्द शोधायला थांबायचं नाही असं ठरवलं.

"तुम्हा दोघींचे माझ्यावर फार उपकार आहेत," ते म्हणाले. "झाडांवर केलेत ते आहेतच. पण मी म्हणतोय ते माझ्यावरचे."

खातूनबाईंनी बादली खाली ठेवली आणि पदराने डोळे टिपले. आनंदीताई कुंडीकडेच बघत होत्या. जरा वेळाने त्यांनी नवऱ्याच्या दंडाला धरून त्याला हलकेच बाजूला केलं.

"बरं," त्या म्हणाल्या. "आता सरका जरा. ऊन पडू दे त्याच्यावर."